उतावळा रबरी स्नायू

रबराला वाचा होती, तेव्हाची गोष्ट. अर्धांगवायूने तानाक्कांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी त्यांना एक यांत्रिक बाही दिली. तिच्यात हवेने फुगून हात उचलणारा रबरी स्नायू होता.

तो भारी उतावळा. तानाक्कांनी ताकाच्या पेल्याकडे हात न्यायचा नुसता विचार केला, की हा फुगलाच! दंडातला जुना स्नायू कळवळून म्हणे, "अरे, मलाही थोडं ओढू दे."

"तुझ्यानं काय होणार? सांडशील."

हळूहळू दंड सुकला आणि जुना स्नायू बोलेनासा झाला. रबरी स्नायूने हाका मारल्या, पण उत्तर येईना. आता मात्र तो घाबरला.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दामच फुगला नाही. त्याचा जीव वरखाली होत होता.

"अगं बाई, बिघडलं की काय हे?" म्हणत तानाक्कांनी दात आवळून जोर लावला. दंड थरथरला.

"थांबलायस ना?" आतून क्षीण आवाज आला.

"थांबलोय, पण लवकर कर बाबा!"

पेला जरासा उचलला गेला, कलंडला, ताक लुगड्यावर सांडलं. रबरी स्नायू धावणारच होता, इतक्यात तानाक्का ओरडल्या, "अहो, बघा! माझा मी उचलला!"

त्याने भरलेली हवा मुकाट्याने सोडून दिली.