जावईबापूंचा पहिला मान

तुमचे मोबाइल म्हणे समुद्रतळावरच्या केबलमधून बोलतात. ती केबल तपासायला मिराशीसाहेबांनी माणूस बसेल अशी लोखंडी कोठी बनवली. पहिल्या चाचणीला नवा जावईही जहाजावर बोलावला. सासऱ्याची हुशारी त्याला दिसायला नको?

पाणबुड्या गंगाजीला आत बसायचा हुकूम झाला. त्याने खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं, तर कडेला बारीक चीर. खाली काळंभोर पाणी. तो दोन पावलं मागे सरला. हसू नका, तुम्ही तरी बसला असता का?

"साहेब, काचेला चीर आहे."

"ओरखडा आहे तो. बस मुकाट्याने, नाहीतर नोकरी सोड."

गंगाजीने हात जोडले. "बसतो की. पण जावईबापू हजर असताना पहिला मान मी कसा घेऊ? आधी त्यांना एक फेरी मारून आणू."

जावई हौसेने बूट काढू लागला. साहेबांनी त्याचा दंडच धरला. "नको, नको. आधी रिकामीच सोडा."

कोठी वर आली तेव्हा खिडकी फुटलेली होती आणि आत छतापर्यंत पाणी होतं.

तेव्हापासून सासऱ्याने जेवायला पाट मांडला, की जावई उभाच राहतो. म्हणतो, "बाबा, आधी तुम्ही बसून दाखवा."