शांततेचा ठराव

फार फार वर्षांपूर्वी एका तळ्याच्या मालकीसाठी हत्ती आणि गवे सात उन्हाळे लढले. अखेर दोघेही दमले आणि कायमच्या शांततेसाठी तळ्याकाठी सभा भरली. तिथेच खड्यांत टिटवीची चार अंडी होती, सात वर्षांत पहिल्यांदाच शाबूत राहिलेली.

"दादा, सभा जरा पलीकडे घ्या ना!" तिने म्हाताऱ्या हत्तीला विनवले.

"अगं बाई, तुझ्या अंड्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप!"

ठराव आला: यापुढे कोणीही कोणाच्या घरट्यावर पाय देणार नाही. टिटवीला भरून आले. पण त्या रानात संमती द्यायची ती पाय आपटून.

"थांबा!" ती किंचाळली.

सगळ्यांनी एकदिलाने पाय आपटले.

धुरळा बसल्यावर गवा प्रेमाने म्हणाला, "बघ ताई, एकाचाही विरोध नाही. आता खुशाल अंडी घाल."