बंद मशीनचं पाणी

"तीन वेळा आलीस. तिन्ही वेळा काय केलंस?"

रसूल उस्तादांनी विचारलं तेव्हा प्रणिताच्या हातात पाना होता. समोर नीलमताईंचं कपडे धुण्याचं मशीन, मागचं झाकण काढून ठेवलेलं.

"दाराचं रबर बदललं. पाणी सोडायचा पाईप बदलला. पंपसुद्धा बदलला. दर वेळी मशीन लावून दोन-दोन तास बघितलं, उस्ताद. थेंब नाही!"

"आणि मग?"

"मग मी गेले की दुसऱ्या दिवशी फोन. घरातल्या बोळात पुन्हा पाणी."

मिरजेत उस्तादांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिरांत प्रणिताचं नाव पहिलं घेतलं जाई. पोरगी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखते, असं लोक म्हणत. तीही म्हणे. सहा वर्षांत उस्तादांना बोलवायची वेळ तिच्यावर आली नव्हती. आज आली होती, आणि ते तिला सकाळपासून सलत होतं.

"शेवटच्या वेळी घरच्यांना काय सांगितलंस?"

तिनं पाना या हातातून त्या हातात घेतला.

"सांगितलं, मशीन गळत नाही. पाणी दुसरीकडून येत असेल."

"दुसरीकडून... म्हणजे?"

"ते त्यांनी बघायचं."

बोळाच्या टोकाला द्वारकाबाईंची खोली होती. नीलमताईंच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. पाणी सापडायचं ते नेमकं त्यांच्या उंबऱ्याशी.

उस्ताद मशीनमागे वाकले. त्यांनी मशीनचा प्लग काढला. नळ तसाच चालू ठेवला. मशीनमागची फरशी फडक्यानं कोरडी केली, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरला, आणि भिंतीला टेकून बसले.

"उस्ताद, चालू केल्याशिवाय कसं कळणार?"

"चालू असताना तू बघितलंयस. बस."

ती बसली. लगेच उठली. पुन्हा बसली.

फोन वाजला. मालगाव रस्त्यावरचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिनं फोन कापला. पाच मिनिटांनी दुसरा आला, तोही कापला. पान्यानं फरशीवर टकटक करायला लागली, तसा उस्तादांनी हात पुढे केला. तिनं पाना त्यांच्या हातात दिला.

आता हातांना कामच उरलं नाही.

"निदान इकडचे स्क्रू तरी आवळून घेते..."

"नको."

अर्धा तास गेला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. प्रणिताचा पाय सारखा हलत होता. म्हाताऱ्यानं आता हात टेकले, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

मग कागदावर आवाज झाला.

टप्...

ती गुडघ्यांवर पुढे सरकली. कागदावर रुपयाएवढा ओला डाग. बघता बघता दुसरा थेंब. तिनं मोबाईलचा उजेड वर धरला. नळाचा पाईप जिथं मशीनला जोडतात, तिथल्या व्हॉल्व्हला केसासारखी बारीक चीर. थेंब तिथं जमत होता, कागदावर पडत होता, आणि बाकीचा ओघळ भिंतीच्या कडेनं उतरून फरशीच्या उतारानं बोळाकडे निघाला होता.

"चालू असताना मशीन थोड्या थोड्या वेळानं पाणी ओढतं," ती स्वतःशीच बोलावं तशी बोलली. "दाब उतरतो, थेंब धरायला वेळच मिळत नाही. गळत नाही. बंद केलं की नळाचा सगळा दाब याच्यावर... मी दर वेळी बंद करून निघून जात होते."

उस्तादांनी पाना तिला परत दिला.

नवा व्हॉल्व्ह बसवायला तिला दहा मिनिटं लागली. नीलमताई येऊन उभ्या राहिल्या. ओला कागद बघितला, भिंतीकडेनं गेलेला ओघळ बघितला. मग त्यांची नजर बोळाच्या टोकाला गेली. तिथं स्टुलावर मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट होतं. अर्धं संपलेलं.

"म्हणजे आई..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि पाकीट उचलून पदराआड धरलं.

प्रणिता भराभर हत्यारं पिशवीत टाकू लागली. तिला आता तिथून निघायचं होतं.

खोलीचं दार उघडलं. भिंतीला धरून द्वारकाबाई बाहेर आल्या.

"मिस्त्री, सापडलं का पाणी?"

"सापडलं, आई. मशीनचंच होतं. पहिल्यापासून," उस्ताद म्हणाले.

त्यांनी पायानं उंबऱ्याजवळची फरशी चाचपली. मग सुनेला म्हणाल्या, "घामाघूम झालीत बिचारी. पाणी दे त्यांना."

नीलमताईंनी तांब्या-भांडं आणलं. उस्तादांनी पहिलं भांडं भरून द्वारकाबाईंपुढे धरलं.

"मी नाही हो घेत," त्या घाईनं म्हणाल्या. "महिना झाला, सकाळच्या चहानंतर काही पीत नाही मी. उगाच... जमीन ओली नको कुणाची."

नीलमताईंनी तोंड फिरवलं.

प्रणितानं पिशवी खांद्याला लावली. ती खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"उस्ताद, व्हॉल्व्ह घट्ट बसलाय," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आता नाही गळणार. निघू या?"

उस्तादांनी भरलेलं भांडं तिच्या हातात दिलं आणि द्वारकाबाईंकडे बघितलं.

"गळती तुला सापडली, बेटा. आता कोरडं कुठं पडलंय, ते बघ."