आस्तेलियातली सुवर्णा

"म्हणजे चूक कानावर पडली तरी गप्प बसायचं का, आप्पाजी?"

आप्पाजी समईच्या वाती वळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा महांतेश हत्तुरे. हायस्कुलात आप्पाजींनीच त्याला इंग्रजी शिकवलं. पुढे आप्पाजी निवृत्त होऊन मठात राहायला आले आणि महांतेशने बाजारपेठेत इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला. परदेशी निघालेल्या पोरांची त्याच्याकडे गर्दी असते. ज्या देशात जायचं त्याचं नाव आधी शुद्ध म्हणता आलं पाहिजे, हा त्याचा पहिला धडा. त्याची पोरं देशाचं नाव इतकं शुद्ध घेतात, की ऐकणारा पुन्हा विचारतो, नक्की कुठे जायचंय?

त्याच्या मागे, खांबाला टेकून, त्याची आई शांतव्वा बसली होती. तिला तोच घेऊन आला होता.

"चूक कुणाची?" आप्पाजींनी विचारलं.

"अव्वाची."

हत्तुऱ्यांच्या घरात कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात, म्हणून आई ती अव्वा.

"काय चुकलं तिचं?"

"आमची सुवर्णा लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली. अव्वा म्हणते, आस्तेलिया. माझ्या वर्गातली पोरं घरी येतात, ऐकतात आणि खाली मान घालून हसतात. शिकवणाऱ्याच्याच घरात हे..."

"मग?"

"मग सांगितलं तिला. मधल्या 'ट्रे'वर जोर दे म्हटलं. प्रेमानेच सांगितलं."

"केव्हा?"

महांतेशने मांडी बदलली.

"दिवा लावताना."

आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावताना घरातली बाई लेकरांची नावं घेते. नुसती नावं नव्हे, गावासकट. हुमनाबादच्या मल्लूला सांभाळ, बार्शीच्या गंगूला सांभाळ. गाव सांगितलं म्हणजे देवाला शोधत फिरावं लागत नाही. शांतव्वा सगळ्यात शेवटी धाकटीचं नाव घेते.

"दिव्यापुढे थांबवलंस तिला?"

"चूक तिथेच झाली ना, आप्पाजी."

"बरं. आता काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. तीच तर पंचाईत आहे. हुमनाबाद होतं, बार्शी होते, आणि ही गप्प. सुवर्णाचं नावच घेत नाही. तिचा फोन आला तर माझ्या हातात देते. परवा सुवर्णा रडली. मला विचारते, अव्वाला काय केलंस?"

"काय केलंस?"

"इंग्रजी शिकवलं," महांतेश म्हणाला. या वाक्याचा त्याला आजवर अभिमान होता. आज ते जरा बारीक आवाजात आलं.

आप्पाजींनी शांतव्वाकडे पाहिलं.

"रागावलीस का गं लेकावर?"

"राग कशाला ओ आप्पाजी. शिकलेलं लेकरू हाय. बरोबरच सांगत असंल की."

"मग?"

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"भ्या वाटतंय बगा. इतकी वरसं मी दुसऱ्याच गावासाठी मागत होते म्हना की. पोरीच्या वाट्याचं समदं कुनाच्या दारात जाऊन पडलं, काय म्हाईत... आता आनि चुकलं तर? त्यापरीस गप बसलेलं बरं. जीभ वळली, की घेते नाव. अजून वळंना झालीय."

महांतेशने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"आप्पाजी, तुमचा शब्द ती मोडत नाही. तुम्ही सांगा तिला. मी रोज थोडा सराव करून घेईन, लवकर येईल."

आप्पाजींनी वाती समईत सोडल्या, तेल घातलं, काडी ओढली.

"तुला नाव शुद्ध येतं. आज तू माग."

"मी?"

"बहीण तुझीच ना?"

महांतेश समईपुढे सरकला. हात जोडले. वर्ग सुरू करण्याआधी खाकरतो तसा खाकरला.

"ऑस्ट्रेलियातल्या सुवर्णाला..."

उच्चार निर्दोष होता. मठाच्या भिंतींनी असा पूर्वी ऐकला नसेल.

"पुढे?" आप्पाजी म्हणाले.

"सुवर्णाला... सुखी ठेव."

"कसलं सुख?"

"म्हणजे... सगळंच."

"सगळंच तर सगळे मागतात. तिला काय हवंय?"

महांतेशचे जोडलेले हात खाली आले. ट्रेवरचा जोर कधीच संपला होता.

...

मागून आवाज आला. आधी पुटपुटल्यासारखा.

"गुडघ्याचं बग म्हनावं तिच्या. दिवसभर उभं ऱ्हायची नोकरी हाय. बारकं लेकरू दूध पीत न्हाई, त्याला भूक लागू दे. जावयाचं काम सुटलंय, ते मिळू दे. कुनाला सांगू नको म्हनलीय, देवा, तूबी कुनाला सांगू नको. शेजारची बाई बोलत न्हाई तिच्याशी, एकटी पडलीय, तिला बोलायची बुद्धी दे..."

महांतेशला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. बहिणीशी तो दर रविवारी बोलत असे.

शांतव्वा खांब सोडून पुढे आली होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. बोलता बोलता आवाज मोठा होत गेला, घरी दिव्यापुढे असायचा तेवढा.

"...माझ्या आस्तेलियातल्या सुवर्णाला संबाळ."

आणि तिने जीभ चावली. डोळे उघडून लेकाकडे पाहिलं.

महांतेश तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. पण सवय माणसाच्या आधी बोलते. समईच्या अगदी जवळ तोंड आणून, फार मायेने, तो म्हणाला,

"अव्वा, ऑस्ट्रे..."

आप्पाजींनी त्याचं तोंड आणि ज्योत यांच्या मध्ये आपला तळहात धरला.

"मागे सरक, महांतेश. दिव्याला वारा लागतोय."