तळ्यावरचा दगड

“मग कापू, की नको? एवढंच सांगा, बाबा.”

केशराजबाबा मठाच्या ओसरीत सुपातली तूर निवडत होते. मान वर न करता म्हणाले,

“आधी वहाणा काढा जी.”

“वहाणा नाहीत. बूट आहेत.”

“मग बूट काढा.”

प्राध्यापक हरकरे वाकून नाड्या सोडू लागले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विद्यार्थ्यांना दगड शिकवले होते. सांगणाऱ्याच्या जागी बसायची सवय होती, विचारणाऱ्याच्या नाही.

मठामागे टेकडी होती. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा पांढुरका पट्टा. त्या पट्ट्यात पाण्यातल्या गोगलगायी, माशांचे खवले, पाणवनस्पतींची देठं. सगळं दगड झालेलं. टेकडीवर पाण्याचा टिपूस नाही. तरी शिंपाळ्याचे गावकरी तिला तळं म्हणतात. ‘शेळ्या तळ्यावर नेल्या,’ असं भर वैशाखातही सांगतात.

हरकऱ्यांनी खिशातल्या रुमालाची गाठ सोडली. आत अंड्याएवढा करडा दगड.

“किती जुना?” बाबांनी विचारलं.

“साडेसहा कोटी वर्षं.”

“जपून आणलात ना?”

हरकरे हसले नाहीत.

“बाबा, लाव्हा आला, थंड झाला. त्यावर इथं तळं साचलं. मग पुन्हा लाव्हा आला आणि तळं खाली गाडलं गेलं. त्या तळ्यातली ही गोगलगाय.”

“तळं होतं, हे गावाला माहीत आहे.”

“कसं माहीत असेल? तेव्हा माणूसच नव्हता.”

“मग तळं हे नाव कोणी सांगितलं?”



बाबा तुरीतले खडे वेचत राहिले.

“हा कुमुदला सापडला,” हरकरे म्हणाले. “इथंच, या पट्ट्यात. एकोणतीस वर्षं झाली. तेव्हा ती माझी विद्यार्थिनी होती. लग्न नंतर झालं.”

“बाई कुठं आहेत?”

“गेल्या पौषात गेली.”

बाबांचा हात सुपात थांबला.

“दगड कापून, घासून कागदाइतका पातळ केला, की आतली ठेवण दिसते. गोगलगायीची ही जात नवी निघाली, तर तिला नाव देता येईल. कुमुदचं नाव. ते कायम राहील.”

“आणि दगड?”

“त्याची पूड होईल. एक काप उरेल, काचेवर चिकटवलेला.” हरकऱ्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली. “दोनदा यंत्रापर्यंत नेला. दोनदा परत आणला. प्रयोगशाळेतले लोक सोमवारी शेवटचं विचारणार आहेत.”

बाबा उठले. हात धुतले. आतून कापडाची छोटी पुरचुंडी घेऊन आले. ती आधी कपाळाला लावली, मग उलगडली. आत सुपारीएवढे सहा-सात दगड.

“हे आमचे विशेष. आमचे स्वामी जिथं बसले, जिथं चालले, तिथले. महानुभाव माणूस यांनाच नमस्कार करतो.”

हरकऱ्यांची नजर सवयीनं दगडांवरून फिरली. “साधा काळा दगड आहे. यांत काही नाही.”

“नाही.”

“मग?”

“संबंध आहे. पाय लागले होते.” बाबांनी पुरचुंडी बांधली. “तुमच्या यंत्रानं पातळ केला, तर दिसेल?”



बाबांनी रुमालातल्या दगडाकडे बोट केलं. “याला मी नमस्कार करणार नाही. आमच्यात चालत नाही. पण विचारतो. याला कोणाचा संबंध?”

“गोगलगायीचा.”

“तिचा नाही विचारला.”

…

टेकडीवरून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

“ती दगड चाटायची,” हरकरे म्हणाले. आवाज इतका खाली आला, की बाबा पुढं सरकले. “कोरड्या दगडात काही दिसत नाही. ओला केला, की उमटतं. त्यासाठी आम्ही पाण्याची बाटली ठेवतो. तिला तेवढा धीर नसायचा. लावली जीभ! मी रागवायचो. म्हणायचो, कुमुद, पोरं हसतात. तर म्हणायची…”

“काय म्हणायच्या?”

“‘तळ्यातलं आहे हो. तहान लागली असेल.’”

बाबा हसले. हरकरेही हसले, थोडंसं, आणि थांबले.

“हा घरी तिच्या टेबलावर असायचा. कोणी पाहुणे आले, की चाटून दाखवायची. पाहुणे पुढं केलेला चहा तसाच ठेवायचे.”

“आणि आता?”

“आता रुमालात असतो.”

“पौषापासून कोरडाच?”

हरकऱ्यांनी पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं. तो बाबांच्या उजव्या हाताशी होता. बाबांनी तो उचलला आणि आपल्या पाठीमागं ठेवला.

हरकऱ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग दगड ओठांशी नेला आणि जीभ लावली.

करडा रंग गडद झाला. त्यातून गोगलगाय वर आली. बोटाच्या पेराएवढी, टोकदार, एकेक वेढा मोजता येईल अशी. जणू आत्ताच पाण्याबाहेर काढली असावी.

ते तिच्याकडे बघत राहिले. मान खाली, दगड दोन्ही तळव्यांत.

ऊन ओसरीत आलं होतं. दगड एव्हाना वाळायला हवा होता.

वाळत नव्हता. वरून थेंब पडत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “मग… कापू?”

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“आधी वाळू द्या.”