झाडलेली वाट

फार पूर्वी, रानाला कुंपण घालायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगरावर इतकं दाट रान होतं की भर दुपारी खाली उन्हाचे नुसते ठिपके पडत. रानाच्या काठाला एक पाडा होता. तिथे वाळत्या हिरड्यांचा तुरट वास दरवळे. पोळं काढताना माणसं मधाचा भाग तेवढा कापत, पिलांचा भाग मधमाश्यांना ठेवत.

आणि दर वर्षी शिमग्याआधी सगळा पाडा झाडू घेऊन वर जाई. रान आणि वरचा गवताळ माळ यांच्यामधली वाट पार मातीपर्यंत झाडली जाई. खर्र, खर्र. तो आवाज रानभर ऐकू येई.

एकदा राजा रान बघायला आला. त्याला ते इतकं आवडलं की ते कुणी नेईल अशी भीतीच त्याला वाटू लागली.

"ही माणसं आज मध नेतात, हिरडे नेतात. उद्या रानच नेतील," तो म्हणाला. त्याने पाडा पायथ्याच्या उजाड जमिनीवर हलवला, रानाला कुंपण घातलं आणि शिपाई ठेवले.

पाड्यातली जाणती म्हातारी जाता जाता शिपायांना म्हणाली, "बाबांनो, वाट तेवढी झाडा."

"आजी, आम्ही भाला धरतो, झाडू नाही," शिपाई हसले.

वाटेवर पाला साचला. उन्हाळ्यात माळावरचं गवत पेटलं आणि त्या पाल्यावरून आग रानात शिरली.

आत एका ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवत होती. ढोलीचं तोंड तिने आतून लिंपलेलं, चोचीपुरती फट. पिसं झडलेली, त्यामुळे उडताही येईना. मला तर नुसतं सांगतानाही धस्स होतं.

धनेश राजाकडे गेला. "राजा, माझी बायको आत कोंडलेली आहे."

राजाने घागरी मागवल्या. पण ओढा दूर होता.

मग धनेश पायथ्याशी गेला. म्हातारीने ऐकून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, "झाडू घ्या."

कुंपणाशी शिपायाने भाला आडवा धरला. "आत यायला मनाई आहे."

"आगीला सांगितलीस का रे ती?" म्हातारी म्हणाली. भाला खाली आला.

आगीच्या पुढे, ओढ्यापासून कड्यापर्यंत सगळ्यांनी पाला ओढून काढला. उघड्या मातीशी आग आली आणि तिथेच बसली. ढोलीचं झाड वाचलं. अर्धं रान मात्र गेलं.

राखेत उभा राहून राजाने विचारलं, "तुम्ही रान राखत होता, हे मला सांगितलं का नाही?"

"आपलं अंगण झाडलं, हे कुणी सांगत फिरतं का? आणि तू तरी कधी विचारलंस?" म्हातारी म्हणाली.

राजाने स्वतः कुंपण उपटलं. पाडा परत आला, हिरडे पुन्हा वाळू लागले. पुढच्या शिमग्याआधी वाट झाडणाऱ्यांत राजाही होता. पण जळलेल्या भागातल्या त्या जुन्या सावल्या त्याला पुन्हा दिसल्या नाहीत. त्या आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरल्या.

एवढं ध्यानात असू द्यावं: ज्यांनी रान जगवलं, त्यांना बाहेर काढून रान जगत नाही.