बुधल्याची जांभळी कड

वसईकडे अंगणं विकून इमारती उभ्या राहू लागल्या, त्या काळची ही गोष्ट. जांभळाची वाइन करणाऱ्या रेजिनाबाईंचा काचेचा बुधला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. पूर्वी वाइन काढून झाली, की अंगणातल्या रबरी नळीचं पाणी त्याच्या पोटात गरगर फिरायचं. इथे न्हाणीघरात फक्त बादली होती आणि लांब दांड्याचा ब्रश.

“मी नळीनंच धुवून घेईन,” बुधला म्हणाला. “खाली बाग आणि नळ देतो, असं बिल्डर बोललाय.”

“बिल्डर बोललाय!” बादली खदखदून हसली. “अरे राजा, तोवर तुझ्या पोटातल्या गाळाचा दगड होईल.”

ब्रश जवळ आला की बुधला मान फिरवायचा. अखेर जांभळं पिकली. रेजिनाबाईंनी त्याचा वास घेतला. “शी! यात वाइन नासेल. उद्या भंगारात देते.”

बुधला बादलीकडे वळला. “बादलीबाई, काहीतरी करा!”

बादलीनं त्याला सोड्याच्या कोमट पाण्यात कुशीत घेतलं. गाळ सुटला. आत शिरलेला ब्रश मात्र खांद्यापाशी थबकला. “इथली जांभळी कड फार जुनी आहे. तुझ्या नळीनं ती कधी काढलीच नाही.”

“ती अंगणातली आहे,” बुधला हळूच म्हणाला. “तेवढी राहू दे ना.”

“आता तिलाही वास धरलाय. राहिली तर नवी वाइन नासेल,” ब्रश म्हणाला.

 बुधल्यानं स्वतःच मान पुढे केली.

सकाळी रेजिनाबाईंनी त्याला खिडकीशी धरलं. तो इतका लख्ख झाला होता, की त्याच्या आरपार जुन्या अंगणाची जागा दिसत होती. तिथे गाड्या उभ्या होत्या. रेजिनाबाई क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी जांभळाचा रस ओतायला घेतला.